झाकणं

इथे सगळ्यांचं स्टिअरिंग डावीकडे,
माझं एकटीचं उजवीकडे,
म्हणजे खाली न उतरता हात थेट डब्यात जातो.
एकशे अठ्ठेचाळीस डबे, ब्याण्णव मैल, बहुतेक खडी.
मका डोक्यावर गेला की चौफुलीवर माणूस दिसत नाही,
नुसती धूळ येताना दिसते.
मी धुळीला हात करते.
तीही करत असावी.

एप्रिलपासून पिल्लांची खोकी वाढलीत.
पहाटे टपाल ऑफिसात उभं राहावं
तर पाकिटांच्या मागून चिवचिवाट.
ज्यांनी जन्मात अंडंही विकत आणूनच फोडलं
त्यांनी पंचवीस-पंचवीस मागवलीत.
भीती वाटली की माणूस काहीतरी पाळायला घेतो.

जत्रा रद्द.
ब्रँडवोल्डांच्या सिग्नीने वासरू वर्षभर वाढवलं,
रोज पाइपाने धुतलं, शेपटी विंचरली,
आणि आता दाखवायला परीक्षक नाही.
मंगळवारी ती त्याला फाटकापर्यंत चालवत आणते,
मान ताठ, पाय जागच्या जागी,
मी इंजिन बंद करून बघते. मला वासरातलं काही कळत नाही.
एकदा पत्रांच्या गठ्ठ्याचं निळं रबर काढून दिलं.
तिने ते त्याच्या कानात अडकवलं.

कारखाना तीन आठवडे बंद होता, मग उघडला.
उघडल्याचीच जास्त धास्ती.
डबा एकशे बारा, ओफेलिया शिकाय,
डुकराच्या खांद्याचं हाड काढते, दर सात सेकंदांना एक.
चार दिवस तिचं टपाल तसंच पडून.
पाचव्या दिवशी डबा रिकामा दिसला
आणि मी गाडीत एकटीच मोठ्याने हसले,
तोंडाला मुसकं बांधलेलं असताना.

मग ऑगस्ट. घेवडा, काकड्या, टोमॅटो एकदम अंगावर आले
आणि झाकणं संपली.
बरण्या होत्या, व्हिनेगर होतं, झाकणं नव्हती,
ना दुकानात, ना तालुक्याला.
मर्लिन टॅडेन रिकाम्या फळीसमोर उभा राहून म्हणाला,
सप्टेंबरात येतील, कदाचित.
यंदा सगळ्या वाक्यांना हेच शेपूट.

आर्डिस फोल्कर्ट्सच्या डब्याचं लाल निशाण वर होतं.
आत पाकीट नाही. पावाची पिशवी,
पिशवीत बारा झाकणं, चव्वेचाळीस वर्षं जुनी,
आणि पेन्सिलीने: एकशे बारासाठी. पोरं आहेत तिथे.
नियम मला पाठ आहे.
तिकिटाशिवाय डब्यात काही ठेवायचं नाही, न्यायचं नाही.
एकोणीस वर्षांत वाढदिवसाचा केकसुद्धा मी परत केलाय.
पिशवी मी सीटवर ठेवली,
पिल्लांची खोकी ठेवते तिथे.

चार दिवसांनी एकशे बाराचं निशाण वर.
लोणच्यातल्या हिरव्या मिरच्यांची बरणी.
आर्डिस, जी मिरपूडसुद्धा चिमटीने मोजते,
दोन गाड्यांच्या अंतरावरून पायरीवर उभी राहून म्हणाली,
खाल्ली. रडले. बरं वाटलं.
मग दर आठवड्याला कुठलं तरी निशाण वर असायचं,
आणि मी चोरीचा माल घेऊन कायद्याच्या वेगाने जायची.

मलाही बारा मिळाली.
आई पलीकडच्या गावी, काचेच्या आड, मे महिन्यापासून.
तिच्याच हाताच्या मापाने मीठ घातलं.
रात्री बरण्या टेबलावर फडक्यावर मांडल्या,
दिवा मालवला, खुर्चीत बसले.
बाहेर मका वाढल्याचा आवाज येतो म्हणतात. मला कधी आला नाही.
एक झाकण टक् करून बसलं.
मग बराच वेळ काही नाही.
मग दोन, लागोपाठ.
मोजता मोजता डोळा लागला, जाग आली तेव्हा अकरा.
बारावं बोटाने दाबलं तर खालीवर होत होतं.
जुनं रबर.

बसलं नाही ते आधी खायचं असतं.
रात्रीचा दीड वाजला होता.
मी काटा घेतला आणि उभ्या उभ्याच सुरुवात केली.