शिक्का

दिल्लीचा फॉर्म आला, त्यात अकरा रकाने.
पूर्ण नाव. जन्मतारीख. मृत्यू.
छायाचित्र, असल्यास.

मी रेलसिंग, मोहझिऱ्याचा डाक सेवक.
रोज सायकल हातात धरून अनेर ओलांडतो,
पलीकडे गेल्यावर एकदा मागे वळून पाहतो
थैली भिजली का, काही पडलं का.
वाहऱ्या नाईकाच्या घरातला, सहाव्या पिढीचा,
म्हणून साहेब म्हणाले, तूच भर.

जामली फुईला विचारलं, जन्मला कधी?
म्हणाली, मोह दोनदा फुलला ते साल.
आणि मेला कधी?
तिनं वाटीतली पहिली धार मातीत सांडली
न पाहता, सवयीनं, आणि म्हणाली,
मेलेलं माणूस रोज पितं का रे असं?

तो रकाना तसाच गेला दिल्लीला.

छायाचित्र कुठलं असणार.
शेवटी धुळ्याच्या दप्तरात एक कागद निघाला,
कसर लागलेला, गोऱ्या कप्तानाच्या सहीचा:
उंची मध्यम. वर्ण काळा.
डाव्या कानाची पाळी फाटलेली.
देवीचे व्रण, उजव्या गालावर अधिक.
चालता चालता मागे वळून पाहण्याची खोड.
जिवंत किंवा मेलेला, पाचशे रुपये.

इतकं निरखून त्याला आमच्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं.
आम्हाला काय गरज होती,
तो समोरच बसलेला असायचा.

पुण्याच्या चित्रकारानं त्या पाच ओळींतून चेहरा काढला.
व्रण गाळले, तिकिटावर ते छपाईची चूक वाटतात म्हणे.
कान शिवला.
मान सरळ केली.

चोपड्याला, जिनिंगच्या आवारात मांडव.
खांबांना केळीचे घड बांधलेले, कच्चे,
कार्यक्रम संपेपर्यंत अर्धे पोरांनी पळवलेले.
तीन पाड्यांचे पावरीवाले पहाटेपासून उन्हात उभे,
त्यांना सांगितलेलं, पडदा सरकला की वाजवा,
हात वर केला की थांबा.
मंत्री म्हणाले, थोर क्रांतिवीर वाघ्या नाईक.
पहिल्या रांगेत कुणी हललं नाही.
मागून एक म्हातारा ओरडला, वाहऱ्या!
टाळ्या त्यालाच पडल्या, की मंत्र्यांना, कळलं नाही.

फुईच्या खांद्यावर शाल, बिल्ला उलटा लागलेला.
फलकावरच्या त्या मोठ्या चेहऱ्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.
कोना पोऱ्या शे हाऊ?
आपलाच, फुई. वाहऱ्या.
मंग मांगं का बरं देखत नही?

पावरीवाल्यांनी हात वर झालेला पाहिला नाही,
किंवा पाहिला.
राष्ट्रगीत चार मिनिटं उशिरा सुरू झालं.

त्याला आता दीड महिना झाला.
उरलेल्या तिकिटांचे दोन ताव माझ्या पेटीत,
पाच रुपयांची. फारसं कुणी मागत नाही,
इथं पत्र लिहितंच कोण.
काल डेमला पावरा आला, काखेत लिफाफा,
वनजमिनीचा दावा, तिसऱ्यांदा परत आलेला,
तेच कारण: कब्जाचा पुरावा अपुरा.
कपाशी उभी आहे त्या जमिनीत, डोक्याइतकी,
पण कपाशी जोडता येत नाही अर्जाला.
चिकटव, म्हणाला, एखादं चांगलंसं.

मी वाहऱ्याला तावातून सोडवलं.
डावीकडचे दोन दाते फाटले, कानाच्या जागी.
घाई होती म्हणून. खरंच, घाई होती.
गोंद जिभेला कडू लागला.

मग शिक्का.
नियम असा की तिकीट रद्द झालं पाहिजे,
तारीख वाचता आली पाहिजे.
मी शाईच्या गादीवर तो दाबला,
हात थोडा उजवीकडे नेला,
आणि मारला.
रबर जुनं झालंय, कडा झिजलेली,
गोल पुरता उमटत नाही,
नुसते काळे ठिपके पडतात,
लहानमोठे, गालभर.

डेमला वाकून बघत होता.
हां, म्हणाला,
आता वळखू येतो.