सहीचा स्नेअर

बेळगावात, मारुती गल्लीतल्या दुकानात तो काचेमागं आहे.
चौदा इंची, पितळी, अंगावर त्या जगप्रसिद्ध ड्रमरची सही,
इंग्रजीत, वळणदार, शेपूट लांब.
किंमत बेचाळीस हजार. म्हणजे आमच्या बँजो पार्टीच्या
अकरा वराती, वर नंदगडची जत्रा.

वाजवून बघितला. खोटं कशाला बोलू,
नुसतं बोट टेकलं तरी
परातीत तांदूळ सांडल्यासारखा आवाज.
दुकानदार म्हणाला, "तगोळ्री, हप्त्यानं देतो."

आमच्याकडं सही कुठल्या लिपीत केली
यावरून कागद परत आलेत.
ही सही कुणी परत पाठवणार नाही,
असा एक विचार आला. गेला.

केदनूरकर मामा, सेंटरच्या बँडातून पेन्शनीत निघालेले,
म्हणाले, "काय बघालास एवढं? सही त्याची, हात तुझेच की.
आणि डीजेपुढं ऐकणार कोण?"
मग स्वतःच चप्पल घालून दुकानात आले,
अर्धा तास तो मांडीवर घेऊन बसले.
काही बोलले नाहीत.

शेवटी तारांची पट्टी तेवढी घेतली, साडेआठशेची.
रात्री मामांचा जुना ड्रम खोलला.
आत लाकडावर पेन्सिलीनं तारखा :
कातडं बदललं, कातडं बदललं,
आणि एका जागी, 'भरमाकडून सहा रुपये येणे'.
सही कुठंच नाही.

पट्टी चढवली. वाजला. बरा वाजला.
गल्लीतलं कुत्रं उठलं.

उद्या परत मारुती गल्लीतून जायचंय.
दुसरा रस्ता आहे,
पण लांब पडतो.