वजा एक सोल्दो

सोमवारी संग्रहालय बंद असतं.
ओत्तोरीनो पेटी आणतो दोन्ही हातांवर,
न्हाऊ घातलेलं बाळ आणावं तशी,
आणि टेबलावर ठेवताना दर वेळी विचारतो,
"आज कोण?"

आज पेटी एकशे बारा, कागद सातवा.
लाल खडू. कागद मुळात निळा,
आता विझलेल्या चुलीच्या रंगाचा.
एक पोरगा उभा, कमरेला फडकं,
उजवा हात डोक्याच्याही वर,
बोटं कशाभोवती तरी वळलेली
आणि बोटांत काहीच नाही.

ह्या रिकाम्या मुठीपायी
चार पंडितांची हयात गेली.
एक म्हणाला मशाल. दुसरा, द्राक्षांचा घड.
तिसरा म्हणाला देवदूत आहे, तुतारी पुसली गेलीय.
चौथ्याने सरळ काखा वर केल्या.
पोराची काख मात्र कुणी पाहिली नाही:
तिथे चार-पाचच रेषा, इतक्या कोवळ्या
की काढणाऱ्याने श्वास धरला असावा.

पाटीवरचं नावही उतरत गेलं.
आधी थोर उस्तादाचं, मग शिष्याचं,
मग शिष्याच्या ओळखीतल्या कुणाचं,
आता नुसतं: बोलोन्या, सोळाव्या शतकाची अखेर.
विम्याची रक्कम पायऱ्या उतरली.
हात उतरला नाही.

पण पाय बघा. डावा पाय दोनदा काढलाय.
एक टाच टेकलेली,
आणि तिच्यातूनच डोकावणारी दुसरी, उचललेली.
मुंग्या आल्या असणार.
मी नोंदवहीत "फेरबदल" लिहिते,
मुंग्यांना रकाना नाही.

मागचा पुठ्ठा सोडवायला मला नऊ दिवस लागले.
डिंक असा हट्टी, की ओलाव्याने
समजूत काढत काढत दिवसाला बोटभर.
आज सकाळी शेवटचा कोपरा सुटला
आणि पाठीवर तपकिरी शाईत हिशेब निघाला:

अंडी, बारा.
कोळसा, एक पिशवी.
नेल्लोला, दोन दिवस उभं राहण्याचे, चार सोल्दो.
वजा एक. घागर फोडली.

मी तीनदा वाचलं.
मग ओत्तोरीनोला मोठ्याने.
तो काही बोलला नाही. बाहेर गेला,
खिडकीतल्या जिरेनियमची झारी काठोकाठ भरून आणली,
दाराशी उभा राहिला आणि हात वर केला.
गणवेशाची बाही कोपरापर्यंत घसरली.
मी भिंतीवरचं घड्याळ धरलं.

पहिल्या मिनिटाला त्याने डोळा मारला.
दुसऱ्या मिनिटाला बापाचं सांगितलं,
छतांना गिलावा करायचा तो, जन्मभर,
आणि रात्री सुपाचा चमचा
तोंडापर्यंत न्यायला त्याला आई लागायची.
तिसऱ्या मिनिटाला गप्प.
त्याची डावी टाच आपसूक उचलली गेली.
त्याला कळलं नाही. मी पाहिलं.
चार मिनिटं दहा सेकंद:
पाणी कॉलरमधून थेट पाठीत.

"फुटली नाही," तो म्हणाला, "पत्र्याची आहे."

मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून फरशी पुसली,
हवेतल्या दमटपणाचा काटा चुगली करायच्या आत.
मे महिन्यात तो निवृत्त होणार;
उठताना त्याने टेबलाचा आधार घेतला,
टेबलाचा, पेटीचा नाही.

नोंदवहीत मी लिहिलं:
मागील बाजूस हिशेब, चार ओळी, एकच हस्ताक्षर.
घागरीचं लिहिलं, खोडलं,
दुपारच्या कॉफीनंतर पुन्हा लिहिलं.

आता नियमाप्रमाणे पाच वर्षं ह्या कागदाला उजेड नाही.
ओत्तोरीनोने झाकण ठेवायला घेतलं,
बोटभर फट राहिली तेव्हा थांबला,
वाकला, आणि आत,
बापाच्या गावच्या बोलीत, हळूच म्हणाला,
"घे रे खाली आता."