चाळीस टक्के

पहिलं सॉफ्टवेअर फुकट म्हणून उतरवून घेतलं,
तर त्यानं स्वतःचंच नाव छापलं
सान्तियागोच्या सणावर, आडवं,
गायींच्या पाठींवरून,
जणू सगळा कळप त्याच्याच गोठ्यातला.

दुसरं खरोखर फुकट निघालं.
मामेभाऊ विल्मेरनं पेनड्राइव्हवर आणून दिलं,
म्हणाला, नील्दा, ह्याला पैसा नको, सबुरी लागते.
हार्डवेअरच्या दुकानावरची माझी खोली,
खालून येणारा खिळ्यांचा, ग्रीसचा वास,
बोटांत हुआन्काव्हेलिकाची थंडी,
आणि एक गुरगुरणारा जुना कॉम्प्युटर
ज्याच्यावर मी हात शेकते.

करायचं ते सोपं आहे.
नाव लिहायचं, मागचा रंग काढून टाकायचा,
व्हिडिओच्या वरच्या ट्रॅकवर सोडायचं
आणि टोक धरून ओढायचं, ओढायचं,
अडीच तासांचं होईपर्यंत.
मग पारदर्शकता. शंभरला भिंत होते,
दहाला धुकं.
मी चाळीसवर थांबले.

कोपऱ्यात ठेवलं तर बाजारातला एफ्राइन
कोपराच कापतो
अन् माझे दहा सोल तीन सोलला विकतो.
म्हणून मधोमध. फोन नंबरासकट.
जुलैत इथं गायींचे कान टोचून
रंगीत रिबिनी ओवतात,
कुणाची कुठली ते कळावं म्हणून.
गाय मान झटकते, रक्ताचा थेंब,
वर कोकाची पानं, चिचाचा घोट, नाच.
मीही तेच केलं.
फक्त माझी गाय हंबरली नाही.

ऑगस्ट सरता सरता दोन्या सातुर्निना जिना चढून आली.
टोपी काढली नाही, बसली नाही.
अपोलिनार गेला, म्हणाली. छाती. खाणीतली धूळ.
तुझ्या डिस्कमध्ये तो शिंग फुंकतोय
आणि फुगलेल्या गालांवर तुझा नंबर.
नातवंडं विचारतात,
ह्या नंबरावर आजोबा उचलतील का?

मी काही बोलले नाही.
त्या ट्रॅकशेजारी एक बारीकसा डोळा असतो.
तो मिटला.
नाव गेलं, गाल उरले.
रात्रभर रेंडर चाललं, मी पोंचो पांघरून बसले,
सत्त्याण्णव टक्क्यांवर वीज गेली,
पुन्हा पहिल्यापासून.
पैसे घेतले नाहीत. ती जिन्यावर
दहिवरात सुकवलेल्या बटाट्यांची पिशवी ठेवून गेली.

त्याच्या पुढच्या रविवारी एफ्राइनच्या टपरीवर
तीच प्रत. स्वच्छ. तीन सोल.
कुणी नातवानं विकली असेल,
किंवा कौतुकानं दिली असेल. विचारायला गेले नाही.
भांडायच्या तयारीनं पुढे सरकले,
तर पाच-सहा जण टीव्हीपुढे गप्प उभे,
एकीच्या पाठीवर मूल, तेही गप्प.
अपोलिनारनं श्वास भरून घेतला,
आणि शिंग वाजण्याआधीच्या त्या इवल्या शांततेत
कॅमेऱ्यामागून कुणीतरी खोकलं.

मी. जुलैतली सर्दी.

एफ्राइनला ते कापता येणार नाही.
खोकल्याला लागूनच शिंग सुरू होतं.

आज एका बाप्तिस्म्याचं काम आलंय.
नाव लावलं. चाळीस टक्के,
खाली, डाव्या कोपऱ्यात.
कापायचं त्यानं कापावं.