दोन ट्रॉली वाळू

गुहागरच्या माणसाने फोनवर सगळं नीट सांगितलं:
समोर समुद्र, मागे सुपारीची बाग,
एकट्या बाईला काही त्रास नाही.
मग विचारलं, कामाला कुठे?
मी खरं बोलले.
त्याची रेंज गेली.

म्हणून बामणोली.
कासवरून उतरणारी एसटी, आत सहाजण,
प्रत्येकाला एकेक अख्खी खिडकी.
इथे विचारलं तेव्हा सांगून टाकलं, बँकेत.
रजिस्टरात लिहिलं:
सुलभा कणसे, वय सत्तेचाळीस, कऱ्हाड.
येण्याचे कारण –
ती जागा कोरी सोडली.

धरणाच्या पाण्याकाठी मालकाने
दोन ट्रॉली वाळू पसरलीय,
वर चार छत्र्या
आणि एका फळीवर रंगवलंय, बीच.
शिंपला एकही नाही.
काचेच्या बांगडीचा तुकडा मिळाला, हिरवा,
आणि एक बूच.
कुठल्या तरी नदीतून रात्रीची उचललेली असणार.
मी चपला काढून बसते,
तिला काही विचारत नाही,
तीही मला नाही.

लाटा नाहीत इथे.
तापोळ्याची लाँच गेली की
पाणी हलतं, पण उशिरा,
कुणी हाक मारून गेल्यावर
आपल्यालाच मारली होती हे लक्षात यावं, तसं.
समोरच्या डोंगराला पाण्याने मागे सोडलेल्या रेघा,
एकाखाली एक, तांबड्या.
चार खोल्या, तीन कुलपं.
आख्ख्या काठावर पाहुणी मी एकटी.

झोपेत मात्र घसे येतात.
अकरा महिन्यांचे घसे.
तंबाखूने करपलेले गाल, एक सोन्याचा दात,
लोंबणारी पडजीभ,
एका पोराची जीभ गोळीने हिरवीगार.
आ करा. अजून थोडं. झालं.
चेहरा एकाचाही नाही.
मान मागे, डोळे घट्ट मिटलेले,
आणि उघडे असते तरी
त्यांना तरी काय दिसलं असतं?
पांढरं प्लास्टिक, काचेवर वाफ.

राघू उतेकर ताट ओट्यावर ठेवतो,
चमच्याने दोनदा वाजवतो
आणि दहा पावलं मागे जाऊन उभा राहतो.
तांदळाची भाकरी, लसणाची चटणी,
पहिल्या रात्री मासा.
दोन दिवस आम्ही एवढंच बोललो:
वाढू?
नको.

तिसऱ्या संध्याकाळी मी म्हटलं,
चटणी जराशी झोंबते हं.
तो हलला नाही.
मग म्हणाला, ताई, तुम्ही बँकेत नाही.
मी हात पदराखाली घेतले,
सॅनिटायझरने सोललेले.
हात नाही, म्हणाला, आवाज.
कॉटेजच्या मांडवात, ऑगस्टमध्ये, लाइनीत होतो.
नाकात घालायच्या आधी तुम्ही म्हणालात,
जरासं झोंबेल हं.
बाकी कोण सांगत नव्हतं.

माझ्या पुढं थोरला भाऊ होता, म्हणाला.
आणि पाण्याकडे बघत राहिला.

मी शोधलं. खरंच शोधलं.
ऑगस्ट. दिवसाला दीडशे-दोनशे.
आठवतो म्हणून सांगता आलं असतं,
एक खोटं आधीच रजिस्टरात होतं.
आठवत नाही, राघू.
नसणारच, म्हणाला, कितीजण.

मग तो वाळूच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला.
बिडी पेटवायला मास्क हनुवटीखाली ओढला.
मिशी अर्धी पांढरी,
खालच्या ओठाजवळ जुना व्रण,
गाल कुठेतरी बसलेला.
मी पाहत राहिले, जरा जास्तच.
अकरा महिन्यांत हा पहिला,
घशाच्या बाहेरचा माणूस.

सकाळी ताट ओट्यावर नव्हतं.
चहा वाळूतच आणला, दोन कप,
स्वतःचा कानतुटका.
आमचं शेत तिथं होतं, म्हणाला,
बोट पाण्याच्या मधोमध.
आज्जा सांगायचा. मी काय पाहिलं नाही.
मग म्हणाला, समुद्र असाच असतो?

शाळेच्या सहलीत पाहिला होता, एकदा.
सातवीत. रांगेत उभं करून दाखवला,
गुरुजी शिट्टी वाजवत होते.
कसा दिसतो ते नाही सांगता येणार, म्हटलं,
आवाज लक्षात आहे.

लाँच येऊन गेली तेव्हा
आम्ही दोघेही गप्प झालो,
कप हातात धरून,
पाणी हलायची वाट बघत.