शेऱ्याचा रकाना

बाराव्या वळणाच्या पुढे रस्ता नाही,
फक्त माझ्या वहीतले आकडे.
खाली रास अल खैमा, धुळीच्या पडद्याआड,
त्यापलीकडे समुद्र आहे असं धरून चालायचं.

डोंगर पार उघडा. आमच्याकडे निदान
करवंदीची लंगोटी तरी असते.
इथे चुनखडी, चुनखडीवर ऊन,
आणि एका कपारीत बोरीचं झाड,
ज्याची बोरं खमीस मोजून देतो.

परवा दगड फोडला तर आत शिंपला.
इनिस म्हणाला, इथे समुद्र होता.
खमीस म्हणाला, होता कशाला, आहे.
रुसून खाली जाऊन बसलाय.

इनिस स्कॉटलंडचा, गुडघ्यांनी बाद झालेला.
थर्मासमधून चहा ओतताना त्याच्या डोंगरावर जातो.
तिथे एक पक्षी थंडीत पांढरा होतो, ससेही होतात.
मग एखाद्या वर्षी बर्फच पडत नाही
आणि काळ्या उतारावर ते पांढरेशुभ्र बसून राहतात,
आपण कुणाला दिसत नाही अशा समजुतीत.
माथ्याजवळ, धुक्यात, एक करडा माणूस चालतो:
आपली तीन पावलं, त्याचं एक.
मागे वळायचं नसतं. इनिस वळला होता.
काय दिसलं?
तो चमच्याने चहा ढवळत राहिला.
साखर तो घेत नाही.

मी चकव्याचं सांगितलं.
चपला उलट्या घालायच्या, आहे तिथेच बसायचं,
तांबडं फुटेस्तोवर.
खमीसला पटलं, चपलांचं सोडून.
ते म्हणाला, जिन्नाला सरळ विचारावं, कुणाचा तू?
घराणं विचारलं की जिन्नसुद्धा वरमतो.

खमीसचं जुनं घर दगडाचं, अर्धं जमिनीत.
दार इतकं बुटकं की रांगत शिरावं,
आणि आतले रांजण दारापेक्षा रुंद.
आधी रांजण ठेवले, मग भिंती रचल्या.
माणसं खाली गेली, एसीत.
रांजण राहिले.
आमची लाल खूण उंबऱ्यापासून चार हातांवर.

काल तिपाई खांद्यावर टाकून उतरताना
मागे खडी सरकली.
माझी तीन. त्याचं एक.
थांबलो, तर तेही थांबलं.
घसा कोरडा. विचारलं, कुणाचा तू?
मराठीतच निघालं तोंडातून,
आणि का कोण जाणे, आधी माझंच नाव सांगितलं,
वडिलांचं, गावाचं, तालुक्याचं.

सकाळी चुन्याच्या रेघेवर एक खूर उमटलेला,
मधोमध दुभंगलेला.
रानबकरा, खमीस पुटपुटला. ताहर.
वीस वर्षांत दिसला नव्हता त्याला.
इनिस कण्हत गुडघ्यावर बसला,
खुराशेजारी हात ठेवून माप घेतलं,
मग उठायला आम्हा दोघांचा आधार लागला.

उंची लिहिली. अंतर लिहिलं.
शेऱ्याचा रकाना अर्ध्या बोटाचा,
त्यात वर्षभर मी फक्त "वारा" लिहीत आलो.
आज बारीक अक्षरात बसवलं:
रेघ थोडी वळवता येते का, बघावं.