पायपुसणं

दिवसा मी हिद्दच्या गोदीत जहाजांचा गंज खरवडतो.
रात्री, बेडकाच्या अंगावरची धूळ.

बेडूक पोस्टमन आहे. सात मिनिटांचा.
कुणी काढला, कुठल्या देशात, ठाऊक नाही;
नावं येण्याआधीच कुणीतरी रेकॉर्डिंग थांबवलेलं.
गुदैबियातली व्हिडिओ लायब्ररी उठली तेव्हा
मुकादमनं ही कॅसेट बिर्याणीच्या पातेल्यातून घरी नेली.
मुहर्रकच्या दमट हवेत तिला बुरशी धरली.
स्पिरिटनं पुसली, मग त्याच्या बायकोनं
सुकटीच्या चाळणीवर पंख्याखाली वाळत घातली.
अजून बोंबलाचा वास येतो, मुकादम म्हणतो, बेडकाला.

सेकंदाला पंचवीस चित्रं.
एक ओरखडा, एक क्लिक.
फोरमन विचारतो, डोळे का लाल?
वेल्डिंग, म्हणतो.

एक जागा तेवढी भरत नव्हती.
बेडूक दाराशी येतो, दार उघडतं,
आणि पडद्यावर मशीद, अजान.
अजान संपते तोवर
आतली म्हातारी गाय रडत असते.
मधल्या मिनिटात काय झालं?
तार असणार, मुकादम म्हणायचा, कुणीतरी गेलं.
मी म्हणायचो मनीऑर्डर.
पैसे आल्यावरही रडतात माणसं. मी पाहिलंय.

मग सित्राहून हुदा मरहून आली,
पिशवीत भावाच्या वाढदिवसाची कॅसेट,
केक कापून झाल्यावर उरलेल्या जागेत
आमचा बेडूक, जरा निळसर,
वेगळ्या वर्षाचा, वेगळ्या वेळचा, अजानीच्या आधीचा.

आम्ही तिघं गुडघे जवळ घेऊन बसलो.

तो पाय पुसतो.
उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा.
पाणी थांबत नाही, बेडकाचंच अंग.
गाय दार धरून उभी.
मिनिटभर एवढंच.
पत्र कुणी उघडतसुद्धा नाही.

मुकादम काही बोलला नाही.
हुदानं रिवाइंड केलं.

आता दोन्ही कॅसेटी सांधतोय,
निळा हिरव्याला मिळवत.
पायपुसण्यावर, एकाच चित्रात,
अंगठ्याचा ठसा सापडला,
रंग ओला असताना उमटलेला.
बारीक. बाईमाणसाचा असावा.
कर्सर त्यावर नेऊन ठेवला.
मागून मुकादम म्हणाला, र्‍हाऊ दे रे.

राहू दिला.
पुढच्या चित्रात ओरखडा होता.